आत अडकलेला तुकडा

भैरूला ॲम्ब्युलन्सनं दौंडला नेलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता. दुपारी टाकीला ड्रम जोडताना पाइप निसटला आणि माल त्याच्या तोंडावर, अंगावर उडाला. शेडमध्ये तो एकटाच होता. तिथं दोन ड्रम उघडे सापडले, निळा आणि पांढरा.

थोड्या वेळानं सेफ्टी ऑफिसर महेंद्रचा दवाखान्यातून फोन आला.

"तेजश्री, कोणत्या ड्रममधला माल उडाला ते डॉक्टरांना हवंय. निळ्यात टोल्युइन, पांढऱ्यात ॲसिटोनायट्राइल. पांढऱ्यातलं असलं तर अंगात सायनाइड तयार होतं, तेही काही तासांनी. त्यावरचं औषध इथं नाही, पुण्याहून मागवावं लागेल. खात्री असल्याशिवाय तिथले लोक ते सोडत नाहीत. ड्रमच्या नोंदींचा लॉग बघ."

मांडवगण फराट्याची तेजश्री कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायची. ड्रम बदलला की ऑपरेटर पॅनलच्या कॉम्प्युटरवर एक ओळ टाइप करत. तापमानाचे, दाबाचे आकडेही त्याच फाइलमध्ये जात. फाइल फुगून कॉम्प्युटर बंद पडायचा, म्हणून तिनं कोड लिहिला होता. येणारा मजकूर थोडा थोडा घ्यायचा, दाबून लहान करायचा आणि फाइलला जोडत जायचं. वाचतानाही तसंच, एकेक तुकडा उलगडत.

फोन कानाशी धरून तिनं ऑफिसातूनच फाइल उघडली. तुकडे भराभर उलगडले. सकाळचे आकडे, मग भैरूची ओळ, 'निळा लावला'. पुढं थोडे आकडे आणि फाइल संपली.

ती 'निळा' म्हणणारच होती. पण शेवटच्या आकड्यासमोरची वेळ अपघाताच्या बरीच आधीची होती. पुरेसा मजकूर जमेपर्यंत कोड तो मेमरीतच धरून ठेवायचा. भैरूनं नंतर काही टाइप केलं असलं तर ते अजून फाइलमध्ये आलंच नव्हतं.

"थांब, अजून काही सांगू नकोस त्यांना," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात शिफ्ट इन्चार्ज ईश्वर दारात आले. "मॅडम, विजेचा मेन स्विच पाडतोय. शेडमधी वास साठलाय. कुठं ठिणगी पडली तर समदंच जाईल."

"मामा, पॅनलचा कॉम्प्युटर बंद पडला तर भैरूची शेवटची ओळ जाईल. प्रोग्रॅम नीट बंद केला तरच ती वाचेल."

"मग करा की. पर मला लई थांबता न्हाई येणार."

तिनं बंद करायची कमांड टाइप केली आणि एंटरवर बोट थांबलं. बंद होताना आत उरलेलं लिहून टाकायची ओळ आपण कोडमध्ये घातली होती का? नसेल, तर तिच्याच हातानं सगळं पुसलं जाणार होतं. तिनं कोड उघडला. ओळी सरकत होत्या आणि एकही नीट वाचता येत नव्हती. ईश्वरांच्या वॉकीटॉकीवर कुणीतरी गॅस मीटरचा आकडा सांगितला. तो मघापेक्षा जास्त होता.

"मॅडम."

"दिसली," ती म्हणाली. अगदी तळाशी होती ती ओळ. तिनं एंटर दाबलं आणि फाइल आपल्या लॅपटॉपवर ओढून घेतली. "पाडा मेन."

पंखा थांबला. बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपवर तिनं शेवटचा तुकडा उलगडला. आकडे, पुन्हा आकडे, आणि मग, 'निळा संपला, पांढरा लावतो'.

"पांढरा," तिनं महेंद्रला फोन लावून दोनदा सांगितलं.

औषध दौंडला पोचलं. त्यानंतर सायनाइडनं भैरूचा श्वास बिघडायला लागला, पण औषध हाताशी होतं. तेजश्री तेव्हा दवाखान्यात, त्याची बायको सिंधूबाई हिच्याशेजारी बाकावर बसली होती.

"ताई, उठतील ना वो?"

तेजश्रीनं सिंधूबाईचा हात धरून ठेवला. नर्स आत जायची, बाहेर यायची.

सकाळी नर्स थांबली. "पेशंट पाणी मागतोय," ती म्हणाली. सिंधूबाई उठली, पण तिला दार कुठल्या बाजूला उघडतं तेच कळेना. तेजश्रीनं ते ढकलून दिलं.