मण्यांवरची पावडर

"द्राक्षं धुतली म्हणून काय झालं? औषध मारलेलं असतं त्यांच्यावर! तुझ्याच पोटात गेलं असतं!"

"खायला आणली होती का ती? हर्षे, डोळे काय नुसते काजळ घालायला दिलेत तुला?"

धनराजने ब्रश असा आपटला की टर्पेंटाइनची बाटली डुगडुगली.

तीन दिवस खपून त्याने चित्र इथवर आणलं होतं. पितळी ताट, दोन पेरू, चार झेंडू आणि पुढ्यात काळ्या द्राक्षांचा घड, सगळं ऑइलमध्ये. घड मुद्दाम शेवटी ठेवलेला, कारण हात न लागलेल्या मण्यांवरची ती पांढुरकी पावडर सगळ्यात अवघड. आई द्राक्षं भरायला जायची त्या पॅकहाऊसमधून तिने तो देठाला धरून जपून आणला होता. हा कोपऱ्यावर चहाला गेला काय, धाकट्या बहिणीने, हर्षालीने, घड नळाखाली धरला. आता मणी पॉलिश केलेल्या बुटासारखे चमकत होते.

आणि चारच्या आत फोटो पाठवायचा होता. तेजस्विनी मॅडमच्या चित्रकलेच्या वर्गात एकच जागा उरली होती. "शाळा सोडलीस ते चालेल," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण बघणं सोडलेलं चालणार नाही." जागा हुकली तर सोमवारपासून मामाबरोबर सातपूरच्या कंपनीत, पहिली शिफ्ट. तसा शब्दच दिला होता त्याने आईला.

रागारागात त्याने समोर दिसत होतं तेच काढलं. प्रत्येक मण्यावर एक पांढरा ठिपका. चकचकीत.

साडेतीनला आई आली. चपला काढता काढता तिने चित्राकडे बघितलं.

"पेरू झक्कास. झेंडूवर तर मुंगी चढेल. द्राक्षं मात्र रिजेक्ट."

"काय?"

"हाताळलेली दिसतात. असला माल आमच्या टेबलावर आला ना, सुपरवायझर सरळ बाजूला काढतो."

"माझ्यामुळे नाय, ह्या बयेमुळे..."

"ओरडू नको. बारा सीझन द्राक्षं भरलीत मी. विचार की मला."

धनराजने ब्रश खाली ठेवला. विचारणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"पावडर नक्की कुठं असते?"

"वर देठाशी, मण्याच्या खांद्यावर दाट. मणी मण्याला घासतो तिथं पुसट. आणि घड उचलताना चुकून बोट लागलं, तर तेवढाच काळा डाग. तसला एखादा ठेव."

त्याने पांढरे ठिपके चिंधीने टिपून घेतले. पांढऱ्या रंगात निळ्याचा कण घातला, ब्रश पुसून पुसून पार कोरडा केला आणि खालच्या ओल्या रंगाला न दुखवता, श्वास धरून, नुसता फिरवला. एक मणी. दुसरा. जरा जोर दिला की खालचा काळा वर यायचा. राग डोक्यात ठेवून तो ब्रश फिरतच नव्हता, म्हणून राग कुठंतरी गळून पडला. एका मण्यावर त्याने बोटाचा डाग सोडला.

चारला पाच कमी. हर्षाली बिचकत पुढं आली. "दादा, फोटो मी काढते ना," म्हणत तिने चित्र सरळ करायला हात घातला, तोच आईने तिच्या हातावर फटका दिला.

"देठाला धर गं! पावडर जाईल!"

हर्षालीने हात मागे घेतला. मग आपण काय बोललो ते आईलाच कळलं आणि ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हर्षाली तर भिंतीला टेकून खिदळत होती. धनराज फरशीवर मटकन बसला. तीन दिवस कानाला भिडलेले त्याचे खांदे आता कुठं खाली आले.

फोटो गेला. पाच मिनिटांत मॅडमचा मेसेज आला: "चित्र घेऊन आत्ताच ये. जागा तुझी. पाचला वर्ग सुरू होतो. आणि तो बोटाचा डाग कुणी सुचवला?"

त्याने तो दोनदा मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा शेवटचं वाक्य आईकडे बघून.

"चल, काहीतरीच," आई म्हणाली. "काहीतरी खाऊन तरी जा."

"द्राक्षं आहेत की," हर्षाली म्हणाली. "धुतलेली."

"तूच गिळ." त्याने ओलं चित्र दोन कडांना धरून उचललं. "आई, दारातून सरक, रंग लागेल. मला निघायला पाहिजे आता."