संत्रं मक्केकडे कसं गेलं

संत्रं फरशीवरून घरंगळत खिडकीकडे गेलं आणि भिंतीला टेकलं. खोलीतल्या बायांनी लग्नात करतात तसा जिभेने लांबलचक गजर केला.

"बघा," शेख मकसूद म्हणाले, "मक्का कुठल्या दिशेला आहे ते या मुक्या फळालासुद्धा कळतं. तुम्हाला मात्र रोज पाच वेळा हाक मारून सांगावं लागतं."

माणसं दाटीवाटीने बसली होती. सगळी खिडकीच्या बाजूला, कारण मक्का त्या बाजूला आणि संत्रंही तिकडेच जायचं. जिन्याकडची अर्धी खोली रिकामी होती. मी तिथे दाराशी उभा होतो. मेव्हण्याने बोलावलं म्हणून आलो होतो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मला बोलायचा कंटाळा आला होता.

ही खोली आमच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरची. इमारत बांधली होती चारच मजल्यांसाठी. अलेक्झांड्रियात आम्ही सगळे गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या ठेवतो. मुलगा लग्नाचा झाला की त्यांच्यावर आणखी एक मजला चढवायचा. घर दाखवल्याशिवाय मुलीचा बाप हो म्हणत नाही. माझा मेव्हणा शौकी याने आपल्या मुलासाठी तसाच मजला चढवला. परवाना काढला नाही, म्हणून विजेचं मीटर मिळालं नाही. मीटर नाही, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरातून एक वायर वर ओढून घेतली. खोली ऐसपैस व्हावी म्हणून गल्लीच्या अंगाला खांबांच्याही पुढे सज्जासारखी वाढवली. खालचे मजले तसेच पुढे आलेले आहेत, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग नव्या नवरीच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी आळीतल्या बाया जमतात, गाणी म्हणतात, पिंजारी गाद्या भरतो. वाऱ्यासाठी सगळ्या खिडकीशी बसल्या होत्या. शेजारच्या उम्म फारेसच्या मांडीवरून एक संत्रं पडलं आणि आपणहून खिडकीकडे चालू लागलं. तिने ते उचलून परत मागे ठेवलं. ते परत गेलं. दुसऱ्या दिवशी शेख मकसूद हजर.

शेखांनी दुसरा चमत्कार आपल्या पदरचा घातला. सफीनाझ म्हणजे माझी बायको, शौकीची बहीण. ती हिवाळ्यात गेली. हे आळीतल्या मांजरांनाही माहीत होतं. पण शेखांनी डोळे मिटून सांगितलं, "या घरातली एक बाई नुकतीच गेली आहे. तिचा जीव इथेच घुटमळतोय." मग ते झडपा लावून घ्यायला सांगायचे, तिचं नाव घ्यायचे, आणि छताचा दिवा हळूच मंदावायचा. खोलीत एक गोडसर वास पसरायचा, तो तिच्या अत्तराचा असं शेख सांगायचे. वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी तापवायच्या निमित्ताने त्यांचा एक माणूस तेव्हा कायम स्वयंपाकघरात असायचा. त्याच्याकडे कोणी बघत नसे.

खाली माझ्या घरातही दिवा मंदावायचा. आणि भिंतीत बसवलेलं कपाट आपोआप उघडायला लागलं. त्यात सफीनाझचे कपडे होते. मी दार लावायचो, सकाळी ते उघडं असायचं. शौकी एकदा खाली आला आणि त्या उघड्या कपाटासमोर जमिनीवर बसून रडला.

"दाजी, ती तुम्हाला भेटायला येते. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"नाही वाटत," मी म्हणालो. खरंच वाटत नव्हतं. मी पुठ्ठ्याची घडी करून दारात खोचली. दुसऱ्या दिवशी ती खाली पडलेली होती. मी परत खोचली, आणि रोज खोचत राहिलो.

शेखांनी पुढचं फर्मान काढलं. सफीनाझच्या नावाने एक दगडी हौद खिडकीखाली बसवायचा, पाण्याने भरायचा, आणि गुरुवारी दुपारी सगळ्या आळीने वर येऊन ते पाणी प्यायचं. आळीतल्या पैलवानांनी हौद वर चढवला. जिन्यात पूर्ण वेळ ते एकमेकांना शिव्या देत होते.

त्या गुरुवारी माझी मुलगी रिहाम शाळा सुटल्यावर आली. ती विज्ञान शिकवते. मी वर जायच्या आधी ती माझ्याकडे डोकावली. मी जेवलो का हे बघायला येते, बोलून दाखवत नाही. तिने कपाट लावलं. ते उघडलं. तिने चौकटीच्या वरच्या पट्टीवर बोट फिरवलं. पट्टी मधोमध खाली वाकली होती. आईच्या कपड्यांवर गिलाव्याची पांढरी पूड पडली होती. मग तिने विजेच्या बोर्डाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाबा, हे तापलंय. वर किती माणसं आहेत?"

"सगळीच."

ती दोन दोन पायऱ्या चढत गेली. मी मागून पोचलो तेव्हा ती शेखांसमोर उभी होती.

"शेखसाहेब, या संत्र्याला मक्का कळते ना? मग माणसं कुठे बसली याने त्याला काय फरक पडणार? सगळ्यांना जिन्याच्या बाजूला बसवा. हळूहळू, एकेक करून."

"पोरी, चमत्काराची परीक्षा घेत नाहीत."

"घेऊ दे की," उम्म फारेस म्हणाली. "संत्रं माझं आहे."

यावर लोक हसले आणि मागे सरकू लागले. शेखांना नाही म्हणता येईना. रिहामने संत्रं ठेवलं. ते निघालं, रेंगाळलं आणि अर्ध्या वाटेत थांबलं.

"आता हौद रिकामा करा."

पैलवानांनी बादल्या भरभरून पाणी न्हाणीत ओतलं. एकजण पुटपुटला, "चढवायचंही आम्हीच, सांडायचंही आम्हीच." हौद कोरडा झाल्यावर रिहामने पुन्हा संत्रं ठेवलं. ते जागचं हललं नाही. तिने बोटाने ढकललं तेव्हा जरासं हललं आणि थांबलं.

"जीव रुसला," शेख म्हणाले. "भर उजेडात पोरखेळ चाललाय, कसा थांबेल तो?"

"मग त्याला हाक मारते," रिहाम म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून तिचा आवाज आला. "भेंडी."

दिवा मंदावला.

"पावटा."

उजळलेला दिवा परत मंदावला. बायांमध्ये खसखस पिकली.

"शेखसाहेब," उम्म फारेसने विचारलं, "भेंडीचाही जीव घुटमळतोय का?"

रिहाम बाहेर आली. "आत पाणी तापवायचा गिझर आहे. त्याचं बटण दाबलं की दिवा मंदावतो. खालच्या एका घरासाठीची ही बारीक वायर, तिच्यावर दोन घरं चालवलीत. गिझर लागला की ती दमते. हा बघा तुमचा अत्तराचा वास." तिने भिंतीवरची वायर दाखवली. वरचं प्लास्टिक मऊ पडून काळं झालं होतं. "अजून थोडे दिवस गेले असते तर आग लागली असती. आणि खोलीचा हा भाग खांबांच्या बाहेर लोंबतोय. तुम्ही इकडे बसलात की तो वाकतो. वाकला की संत्रं इकडे येतं. संत्रं आलं की तुम्ही आणखी इकडे सरकता. भक्ती वाढत नव्हती, वजन वाढत होतं."

शेखांना चपला सापडायला वेळ लागला नाही. त्यांचा माणूस त्यांच्याही आधी जिना उतरला होता.

लोक हळूहळू गेले. शौकी हौदाच्या काठाशी उभा राहिला.

"आणि कपाट?" त्याने विचारलं.

"मामा, ते बरोबर याच्या खाली आहे. वरचा भार भिंतीतून उतरतो आणि चौकट दाबतो. चौकट दबली की दार सुटतं."

"म्हणजे ती नव्हती."

"नव्हती," रिहाम म्हणाली. ती त्याच्याकडे नाही, संत्र्याकडे बघत होती. "मलाही ती यायला हवी आहे, मामा."

नंतर इंजिनिअर आला. त्याने खालून वर बघितलं आणि कोणालाही त्या बाजूला उभं राहू दिलं नाही. पाचवा मजला उतरवावा लागला. लग्न पुढे गेलं. मुलीचा बाप जे बोलला ते शौकीने ऐकून घेतलं. मग बरेच दिवस तो आमच्याशी बोलला नाही. मुलगा आणि सून आता भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. जिवंत आहेत.

मला फार शिकवता येत नाही. एवढंच सांगतो. खांब किती पेलतो, वायर किती सोसते, हे जो मोजायला शिकलाय त्याला आधी विचारा. घरात जे अचानक वाकायला, उघडायला, मिणमिणायला लागतं, ते काहीतरी सांगत असतं. त्याला हार घालू नका. आपलं माणूस गेलं असेल तर त्याच्या नावाने कोणी काही दाखवायला आला की आधी स्वयंपाकघरात जाऊन बघा.

हौद आणि मजला उतरल्यानंतर कपाट एकदाही उघडलेलं नाही. दारातला पुठ्ठा मी काढून टाकला आहे.