बावीस पायऱ्या

गोष्ट २००९ सालची. त्या वर्षी ताईच्या धाकट्या भावाला साठाव्या वर्षी गोल्फचं वेड लागलं. उभ्या जन्मात त्याने कधी चेंडूला हात लावला नव्हता. पण साहेब लोकांच्या क्लबात शिरायचं होतं, आणि क्लबाचे अध्यक्ष तीन आठवड्यांनी घरी येणार होते. म्हणून परसात प्लॅस्टिकच्या गवताचं पटिंग ग्रीन करायचं ठरलं. चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा, एवढाच तो खेळ. ताईच्या मते यापेक्षा भोवरा बरा, त्याला निदान दोरी गुंडाळायची अक्कल लागते.

ताईला हसू आलं असतं, पण तिची खोली परसाकडे उघडणारी होती.

"अध्यक्षांना आवडलं, तर लोक येत-जात राहतील," भाऊ म्हणाला. "मग तुझी खोली बैठकीला लागेल. तू वर गच्चीवरच्या खोलीत जा. हवेशीर आहे."

"बावीस पायऱ्या आहेत."

"व्यायाम होईल. आणि नाहीच जमलं तर तू आहेस तिथेच. मी काय तुला हाकलतोय का?"

ताईचे दोन्ही गुडघे केव्हाच कामातून गेले होते. ती खिडकीशी खुर्ची ओढून तमाशा बघत बसली.

काम घेणाऱ्याचं नाव तिने पहिल्याच दिवशी गवतवाला ठेवलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे बूट, आणि दर वाक्यामागे "पंधरा वर्षं बघायला नको". त्याने परसात वीतभर खोल चौकोन खणायला लावला. आता त्यात खडी ओतायची, वर गवत अंथरायचं, की झालं.

ताईची हयात रस्ते खात्याच्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली होती. हे परस म्हणजे अस्सल चिकणमाती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि आत आलेलं पाणी सावकारासारखं धरून बसते. असल्या मातीत खड्डा करून बाहेर वाट ठेवायची नाही, म्हणजे हौदच बांधायचा. पहिल्या सरीला गवत तरंगणार, अध्यक्षांचे बूट पचपचणार, आणि खोली वाचणार. ताईने चहा आणखी एक कप घेतला.

दुपारी गवतवाल्याचा म्हातारा मुकादम तिच्या नळावर हात धुवायला आला.

"बाई, खालचं पाणी जाणार कुठे हो?"

"तुमच्या मालकाला विचारा."

"विचारलं. म्हणाले, जमिनीत."

"मग जाईल की जमिनीत," ताई म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिलाच कसंसं झालं.

एकदा वरच्या साहेबाने अहवालातला आकडा बदलायला सांगितला, तेव्हा तिने पेन त्याच्याच हातात देऊन म्हटलं होतं, "तुम्हीच बदला, सहीही तुम्हीच करा." त्यापायी दोन वर्षं आडगावी काढली होती. आणि आज ही बया खिडकीत बसून चहा पीत होती! बाहेर खडीची पहिली पाटी उचलली गेली.

"थांबा!"

भिंतीला धरून ती खड्ड्यात उतरली. चिमूटभर ओली माती घेऊन तळहातांत वळली. काडीइतकी बारीक वळी झाली, तरी तुटेना. ती तिने गवतवाल्याच्या नाकासमोर धरली.

"बघा. आता इथे बादलीभर पाणी ओता, आणि जेवून या."

"मावशी, माझं हे रोजचं काम आहे."

"रोज करता म्हणूनच भीती वाटते."

सगळे जेवून आले. पाणी होतं तिथेच होतं. वर एक माशी पोहत होती.

भाऊ लाल झाला. "ताई, कळतं मला सगळं. खोली जाऊ नये म्हणून खोडा घालतेस."

"गाढवा, खोली वाचवायची असती तर मी तोंड मिटून बसले नसते का?"

गवतवाला बुटांकडे बघू लागला. मुकादमाने मात्र फावडं उचललं.

पुढचे आठ दिवस ताई खुर्ची परसात मांडून बसली. तळाला कोपऱ्याकडे उतार, त्यावर जाड कापड, मग भोकांची नळी, ती भावजयीच्या गुलाबांखालून थेट रस्त्याकडच्या गटारापर्यंत. खडी तीन थरांत, प्रत्येक थर पाणी शिंपून धुम्मसाने ठोकून घट्ट केलेला. वर दगडाची कच, पाणसळ लावून सारखी केलेली. मग कुठे गवत, आणि त्यात झाडूने घासून बसवलेली वाळू.

अध्यक्ष आले त्या दिवशी सकाळभर पाऊस झोडपत होता. तो थांबल्यावर अर्ध्या तासात ग्रीन कोरडं. चेंडू सुतात गेला.

"माणूस हुशार गाठलात हो," अध्यक्ष म्हणाले.

"पारखून घेतलाय," भाऊ म्हणाला. गवतवाल्याने मान लववली.

संध्याकाळी भावजय दारात आली. "ताई, तुमच्या पेट्या उद्या वर न्यायच्या ना? माणसं सांगून ठेवली आहेत."

"आजच न्या," ताई म्हणाली. "मी हळूहळू येते."

भावाला क्लब मिळाला. तिथे त्याला कोणी खेळायला घेईना, म्हणून तो हिशेबनीस झाला, आणि दीड वर्षात कंबर धरल्यावर तेही सुटलं. ग्रीनवर भावजय गाद्या वाळत घालू लागली. लवकर सुकतात, असं शेजारणींना सांगायची. बैठकीच्या खोलीत जुना फ्रिज ठेवला. गवतवाल्याने ग्रीनचा फोटो फलकावर छापला आणि बाकी सगळीकडे पहिल्यासारखेच हौद खणले. तीन घरांतून शिव्या खाऊन शेवटी पडदे विकायला लागला. मुकादमाने स्वतःचं काम सुरू केलं, आणि ते चांगलं चाललं.

ताई गच्चीवरच्या खोलीत नऊ वर्षं राहिली. आधी दिवसातून दोनदा उतरायची, मग एकदा, मग दवाखान्यापुरती. भाऊ पहिल्या महिन्यात तीनदा वर चौकशीला आला. कंबर दुखायला लागल्यावर त्याने इंटरकॉम बसवून घेतला.