नव्या जीपचं दार

औंढ्याच्या दत्तोबांच्या जीपला जुनी म्हणायची गावात सोय नव्हती. जो म्हणेल त्याला ते पुन्हा जीपमध्ये बसवत नसत, आणि लोणावळ्याच्या बाजारातून चार पिशव्या घेऊन चालत येणं कुणाला परवडणार? म्हणून लोक तिला 'पक्की' म्हणत. छत्तीस वर्षांपूर्वी देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या लिलावात दत्तोबांनी ती उचलली होती. तेव्हापासून दर दसऱ्याला ते स्वतः ब्रशने तिला हिरवा रंग द्यायचे. थरावर थर चढून आता आत पत्रा शिल्लक आहे की नुसता रंगच गाडी धरून ठेवतोय, हे सांगता आलं नसतं.

दत्तोबांची गाडी चालवायची एक पद्धत होती. गावामागच्या पठारावर त्यांचं शेत. तिकडे जाणारी वाट सगळी दगडधोंड्यांची. ती सुरू झाली की दत्तोबा उजवं दार उघडायचे, एक हात स्टिअरिंगवर ठेवून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळायचे आणि पुढच्या चाकावर नजर रोखायचे.

"चाक दिसलं पायजे," ते सांगायचे. "चाक दिसत न्हाई तर गाडी कशाला चालवायची? एस्टीत बसावं."

डाव्या बाजूला त्यांची बायको, अंबूबाई, बसायच्या. डावीकडच्या धोंड्यांची खबर त्या द्यायच्या. दत्तोबांच्या मते, ती बडबड होती.

एका जानेवारीत लोणावळ्याच्या बाजारात जीप उभी असताना तिशीची एक बाई तिच्याभोवती तीनदा फिरली. वाकून खालून बघितलं, मडगार्डवरून हात फिरवला.

"विकायची न्हाई," दत्तोबा लांबूनच ओरडले.

"विकत नकोय आबा, बघायचीय," ती म्हणाली. ती आसावरी, तळेगावची. गाड्यांच्या कंपनीत नव्या गाड्यांचा आकार ठरवायचं काम करायची. कंपनीला जुनी जीप नव्या रूपात आणायची होती. चेहरा ओळखीचा, अंग नवं. आणि आसावरीला वाटत होतं, की जुन्या जीपचे फोटो कंपनीत ढीगभर आहेत, पण रोज ती चालवणारा माणूस एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ती औंढ्याला आली. बरोबर श्रीयश नावाचा इंजिनीअर, टेप आणि वही. अंगणात खाट टाकली गेली, चहा झाला.

"आबा, या गाडीतलं काय बदलू नये?" आसावरीने विचारलं.

"काय बी बदलू नका," दत्तोबा म्हणाले आणि विषय संपला अशा थाटात त्यांनी बशी तोंडाला लावली.

आसावरीने वही मिटली नाही. ती अंबूबाईंकडे वळली. "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

अंबूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "लिव."

मग जे सुरू झालं ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. पायरी इतकी उंच, की चढताना लुगडं सावरावं का गाडी धरावी. धरायला तरी काय आहे? काचेच्या चौकटीचा एक बोल्ट! त्याने तळहाताला घट्टा पडलाय, हा बघ. पायाखालचा पत्रा तापतो, उन्हाळ्यात भाकरी टाकली तर फुगेल. सीटची एक स्प्रिंग कुठे बोचते ते चारचौघांत सांगता येत नाही. टपाचं भोक पावसात गळतं ते बरोबर माझ्या मांडीवर, यांच्या नाही. आसावरीची चार पानं भरली. श्रीयशने हळूच एका पेन्सिलीला टोक करून ती तिच्या हातात दिली.

दत्तोबा खांबाला टेकून सगळं ऐकत होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी खाट उचलून भिंतीला लावली. मग म्हणाले, "छत्तीस वरसं झाली. कधी बोलली न्हाईस ते?"

"बोलले की," अंबूबाई म्हणाल्या. "तुमाला वाटायचं, गाडी वाजतीया."

पुढे दोन वर्षं काही झालं नाही. दत्तोबांनी मनातल्या मनात त्या नव्या जीपचं वाटोळं झालं असं धरून टाकलं होतं. पण दुसऱ्या वर्षीची दिवाळी झाली, भातं कापून झाली, आणि एका सकाळी आसावरीचा फोन आला. चाचणीची गाडी घेऊन येतोय, पठारावर न्यायची आहे, चालवायला आबाच पाहिजेत.

गाडी आली तेव्हा तिच्या अंगभर काळ्यापांढऱ्या वेड्यावाकड्या नक्षीचे कागद चिकटवलेले होते. बाजारात येण्याआधी तिचा आकार कुणाला कळू नये म्हणून. दत्तोबांना ते माहीत नव्हतं.

"हिला नायटा झालाय का काय?" त्यांनी विचारलं.

"रांगोळी विस्कटल्यागत दिसतीया," अंबूबाई म्हणाल्या आणि सरळ डाव्या बाजूला गेल्या. पायरी खाली होती. एक पाऊल, दुसरं पाऊल, बसल्या. धरायला एक दांडी दारापाशी, एक समोर. त्यांनी दोन्ही धरून बघितल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या. आसावरी त्यांच्या हातांकडे बघत होती.

दत्तोबांची तपासणी वेगळी होती. त्यांनी बॉनेटवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि "पातळ" असा शेरा मारला. स्टिअरिंगमागे बसले, खाली वाकून पाहिलं आणि घाबरून वर आले.

"क्लच कुटं पडला?"

"क्लच नाही आबा, ऑटोमॅटिक आहे," मागच्या सीटवर आसावरीशेजारी बसलेला श्रीयश म्हणाला. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"मग डाव्या पायानं काय करायचं?"

"आराम."

"त्याला आराम दिला तर तो उजव्याला बी बिघडवल," दत्तोबा पुटपुटले. पण निघाले. गाडी काही न कुरकुरता ओढ्यात उतरली आणि चिखल उडवत पलीकडे चढली. दत्तोबा ओठ घट्ट मिटून होते. कौतुक बाहेर पडेल अशी त्यांना भीती होती.

ओढ्यापलीकडे त्यांच्याच शेतात जाणारा एक खडा चढ आहे. तिथे बैलांना हमखास थांबावं लागायचं म्हणून त्याला बैलदम म्हणतात. चढाच्या तोंडाशी दत्तोबांनी सवयीने दार उघडलं आणि बाहेर झुकले.

गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक आपोआप लागला, आणि समोरच्या पडद्यातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा."

"ही कोण?"

"गाडीच बोलतेय आबा. दार उघडं असलं की ती चालत नाही. कुणी पडू नये म्हणून," श्रीयश म्हणाला.

दत्तोबांनी दार लावलं, चार हात गाडी पुढे नेली आणि पुन्हा उघडलं. गाडी थांबली. "कृपया दरवाजा बंद करा."

"अगं बाई, मी अडतीस वरसं अशीच चालवतोय!" ते पडद्याला म्हणाले.

"कृपया दरवाजा बंद करा."

अंबूबाईंना हसू आवरेना. "माझं कधी ऐकलं न्हाई, तिचं तरी ऐका."

"चाक बघायला कॅमेरा आहे ना, आबा," श्रीयश घाईघाईने म्हणाला. "पडद्यावर दिसेल बघा." त्याने पुढे वाकून बटण दाबलं. पडदा भरून एक तपकिरी रंग आला. ओढ्यातला चिखल कॅमेऱ्यावर जाऊन बसला होता.

"वा," दत्तोबा म्हणाले. "हे चाक का? लय भारी दिसतंय." आणि ते रागाने खाली उतरले. "चालवा कुणी बी. मी हितनं चाक बघतो."

श्रीयश पुढे येऊन बसला. कारखान्याच्या चाचणीच्या रस्त्यावर तो चांगला ड्रायव्हर होता, पण तिथले खड्डे मोजून मापून केलेले असतात. बैलदमचे तसे नव्हते. "उजवीकडं घे," अंबूबाई म्हणाल्या. "एवढी न्हाई. थांब! आता सोड. अरं, सोड म्हणजे ब्रेक सोड, स्टेरिंग न्हाई!" दोनदा गाडीचं बूड आपटलं, एकदा डावं चाक घसरलं. श्रीयशच्या कपाळावर घाम आला.

"तू ऊठ," अंबूबाई शेवटी म्हणाल्या. "सांगून दमण्यापरीस चालवलेली बरी."

श्रीयशने आसावरीकडे पाहिलं. नियमात असं काही नव्हतं. आसावरीने क्षणभर विचार केला. वाट खाजगी शेतातली, वेग माणसाच्या चालीइतका बांधून ठेवता येत होता, आणि हातब्रेकचं बटण मधोमध होतं. अंबूबाई स्टिअरिंगमागे गेल्यावर ती डाव्या सीटवर आली, बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, पट्टा लावा. हा पेडल दाबला की पुढे, हा दाबला की थांबेल. दोनच."

"दोनच?" अंबूबाई म्हणाल्या. "मग एवढी वरसं हे काय एवढं मिरवत हुते?"

बाहेर दत्तोबांनी बघितलं, आणि त्यांचे हात आपोआप वर गेले. "अंबू! अगं उतर! आसावरी, पोरी, तिला उतरव!" पण गाडी निघाली होती. मग दत्तोबा उलटे चालत तिच्यापुढे झाले आणि दोन्ही हातांनी दिशा दाखवू लागले.

अंबूबाईंची त्यांच्याकडे नजरच नव्हती. ही वाट त्यांना पाठ होती. आता कासवासारखा धोंडा, त्याला डावीकडे ठेवायचं. आता सपाट कातळ, इथे घसरतं, दाबायचं नाही. गाडी मुंगीच्या गतीने एकेक दगड चढत होती. अर्ध्यावर दत्तोबा ओरडले, "उजवीकडं! उजवीकडं!" आणि अंबूबाईंनी शांतपणे डावीकडे घेतली. दत्तोबांनी डोळे मिटले. आता ठोका बसणार. अडतीस वर्षं तिथे ठोका बसत आला होता, बैलदमचा तो धर्मच होता.

ठोका बसलाच नाही.

"तितं उजवीकडं खड्डा हाय," अंबूबाई खिडकीतून म्हणाल्या. "गाडी आदळायची ती तुमच्यामुळं, वाटेमुळं न्हाई. किती वेळा सांगितलं!"

आणि त्यांना मागे टाकून त्या वर गेल्या. पठारावर पोचल्यावर त्यांनी जो हॉर्न दाबला तो ओढ्यापर्यंत ऐकू गेला असेल. दत्तोबा धापा टाकत वर आले तेव्हा अंबूबाई अजून स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे एखाद्या नव्या नवरीसारखे चमकत होते. दत्तोबांना अभिमान वाटत होता, आणि आपलं काहीतरी कुणीतरी उचलून नेलंय असंही वाटत होतं.

"बरी चालवलीस," शेवटी ते म्हणाले.

"क्लच न्हाई म्हणून," अंबूबाई उदारपणे म्हणाल्या.

दत्तोबा बाजूच्या कातळावर जाऊन बसले. थोड्या वेळाने आसावरी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"आबा, दार उघडलं की गाडी थांबणारच. ते मी बदलणार नाही. कुणी पडलं तर?"

"कळतंय मला. मी एवढा येडा न्हाई."

"पण तुम्ही दार उघडता ते चाक बघायला. दार न उघडता दिसलं तर?"

दत्तोबांनी मान वर केली. ती त्यांना गाडीत घेऊन गेली, दार लावायला लावलं आणि काच खाली केली. ते खिडकीतून झुकले. दाराची वरची कड खांद्याला अडत होती, चाकाचा नुसता माथा दिसत होता.

"ही कड किती खाली पाहिजे?"

दत्तोबांनी कडेवर आडवा हात ठेवला. "चार बोटं. फकस्त हितं, पुढच्या बाजूला."

आसावरीने टेप लावला. श्रीयशने डोक्याला हात लावला. दाराचे साचे तयार झालेत, कंपनीत रणकंदन होईल, सहा महिने पुढे जाईल सगळं, असं तो सांगत राहिला. आसावरी "हो" म्हणत राहिली आणि आकडे लिहीत राहिली. रणकंदन झालंही. पण पुढच्या वर्षी गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या दोन्ही पुढच्या दारांची कड आरशाजवळ चार बोटं खाली उतरलेली होती. कौतुकाने लिहिणाऱ्यांनी त्याला जुन्या काळाची आठवण करून देणारी डौलदार रेषा म्हटलं.

दत्तोबांना ती गाडी पहिल्यांदा दिसली एका रविवारी, लोणावळ्याच्या गर्दीत अडकलेली. काचा बंद, आत गाणी. दत्तोबांनी काचेवर टकटक केलं. आतल्या माणसाने घाबरून काच खाली केली.

"खाली वाकून बघा," दत्तोबा म्हणाले. "चाक दिसतंय?"

तो माणूस वाकला. "दिसतंय. पंक्चर आहे का?"

"न्हाई, न्हाई. दिसतंय ना? झालं तर मग." आणि दत्तोबा दिवसभर खुशीत होते.

अंबूबाईंनी मात्र गोष्ट तिथे सोडली नव्हती. बासष्टाव्या वर्षी त्यांनी शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज केला. खुणांचं पुस्तक त्या चुलीपाशी पाठ करायच्या आणि दत्तोबा परीक्षा घ्यायचे. त्यात दत्तोबांनाच सात खुणा माहीत नाहीत असं निघालं. अंबूबाई पहिल्या फटक्यात पास झाल्या. मग शेतात रोज सकाळी पक्कीवर क्लचची शिकवणी सुरू झाली. पहिले आठ दिवस दत्तोबा ओरडायचे, पुढचे आठ दिवस दोघंही ओरडायचे, आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी न हिसडता निघाली.

मार्गशीर्षात अंबूबाई पक्की घेऊन आपल्या बहिणीकडे वेहेरगावला गेल्या. पुढे मागे शिकाऊचं लाल अक्षर लावलेलं, वेग असा की सायकलवाले ओलांडून जात होते. बहीण दारात आली आणि बघतच राहिली.

"दाजी, तुम्ही डाव्या बाजूनं उतरताय?"

"व्हय," दत्तोबा लेंगा झटकत म्हणाले. "तुझ्या बहिणीनं आणलं मला. पाणी दे आधी."