थट्टेचा हक्क

"उंदीरखाऊ! नदीपलीकडचे उंदीर संपले म्हणून आमच्या दारात आलास?" अबिती चिपांडा ओरडली.

काजूच्या झाडाखाली बसलेल्या लिकोंबेनं मान वर केली नाही. "मावशी, माझी आई गेली. होडीत ठेवलीय. तिला पुरायला याओ माणूस हवं."

गावप्रमुख म्कवांडानं त्याच्यावर बंदूक रोखून धरली होती. "बघ, उलट एक शब्द नाही. खरा माकोंडे असता तर एव्हाना तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. हा पलीकडच्या पोर्तुगीज फौजेचा हेर आहे."

अबितीची याओ आणि लिकोंबेची माकोंडे, या दोन जमातींचं थट्टेचं नातं फार जुनं. भेटलं की शिव्या द्यायच्या, आणि मेलं की एकानं दुसऱ्याची कबर खणायची. पण मागच्या पावसाळ्यात असाच एकजण मदत मागत आला होता. त्याच्यासोबत नदीवर गेलेले दोघे परतलेच नाहीत. त्यातला एक अबितीचा भाऊ.

तिनं पुन्हा डिवचलं. "दात घासून टोकदार केलेस, जीभही घासलीस काय रे?"

लिकोंबेनं फक्त नदीकडे बोट दाखवलं.

"बांधून ठेवतो याला. उद्या सैनिकांच्या छावणीत देऊ," म्कवांडा म्हणाला.

"आणि खरंच आई असली तर? उन्हात सडू द्यायची?" अबितीनं कुदळ उचलली. "मागून ये. मला काही झालं तर पहिली गोळी याला."

नदीकाठच्या लव्हाळ्यात होडी होती. होडीत गुंडाळलेली चटई.

"खाली बंदुका असतील," म्कवांडा कुजबुजला.

"मग तूच उघड."

तो हलला नाही. अबितीनंच चटईचं टोक वर केलं. सुकलेला म्हातारा चेहरा, गालांवर कोरलेल्या रेघा, वरच्या ओठात माकोंडे बायका घालतात ती लाकडी चकती. तिनं टोक हलकेच परत ठेवलं.

तरीही म्कवांडाचं बोट घोड्यावरच होतं. अबिती आणि लिकोंबेनं खणलं. खड्डा झाला तशी अबिती थट्टेच्या रीतीप्रमाणे आत उतरली आणि सरळ आडवी झाली.

"ही माझ्या आधी कशी जाते? वय माझं जास्त. जागा माझी!"

लिकोंबे काठावर आला. तो खाली वाकला.

"ऊठ गं म्हातारे! तू निजलीस तर जमीनसुद्धा ओकेल. जन्मभर गावाचे कान खाल्लेस, आता माझ्या आईचे तरी सोड!"

अबिती खड्ड्यात पडल्या पडल्या मोठ्यानं हसली. म्कवांडानं बंदूक गवतावर ठेवली. दोघांनी एकेक हात धरून तिला वर ओढलं.

मग आई खाली गेली. माती लोटून झाली, दोघं हात धुवायला नदीवर उतरले. अबिती मात्र तिथंच बसून ढिगारा थापत राहिली. भावाची कबर कुठंच नव्हती.