हेदीची ससाणी

हेदीने ते हिरवं जाकीट अंगात घातलं आणि सालहाला आपल्या नवऱ्याची किळस आली. पोटावर बटण लागत नव्हतं, तरी गडी आरशासमोरून हलायला तयार नाही. छातीवर 'पक्षीमित्र' असं शिवलेलं. पक्षीमित्र म्हणे! लग्न झाल्यापासून ती बघत आली होती, दर वसंतात हा डोंगरावर जाळं लावून एक ससाणी धरायचा, तिला लाव्यांची शिकार शिकवायचा आणि हंगाम संपला की पायातले चामडी पट्टे कापून सोडून द्यायचा. गावातले सगळेच तसं करत. त्यासाठी छातीवर काही शिवून घ्यायची कुणाला गरज पडली नव्हती.

जाकीट आणलं होतं पुतण्याने, लुत्फीने. होडीवरचं काम मानवेना म्हणून हा आता राजधानीतून पाहुणे आणायचा. वसंतातले पक्षी दाखवतो, हमखास दाखवतो, असं सांगून. पण यंदा वारा उत्तरेचा. समोरून वारा असला की समुद्र ओलांडणारे पक्षी समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकावर येतच नाहीत, मागच्या दऱ्यांत दडून बसतात. पाहुण्यांना आतापर्यंत चार पाकोळ्या आणि वाटेतलं एक कासव दिसलं होतं. त्या कासवाचेच त्यांनी पुढून मागून फोटो काढले होते.

"काकू, ससाणी कुठंय?" लुत्फीने दारातूनच विचारलं.

"स्वयंपाकघरात. का?"

"काका उडवणार आहेत तिला. पायाला तंगूस बांधायचा, मासे धरायचा असतो ना, तो. लांबून दिसत नाही. पाहुण्यांना वाटेल रानातलीच आहे."

"अरे, ती अजून एकदाही मोकळी उडालेली नाही."

"म्हणून तर तंगूस."

सालहाने हेदीकडे पाहिलं. तो आरशातच बघत होता. "एकदाच तर," तो पुटपुटला.

एकदाच! या ससाणीला माणसांची सवय व्हावी म्हणून हाच बाबा तिला हातावर घेऊन कॉफीच्या दुकानात, न्हाव्याकडे, लग्नाच्या मांडवातसुद्धा जाऊन बसला होता. सालहा कणीक मळताना तिच्याशी बोलायची, चिमणीच्या मांसाचे तुकडे भरवायची. आता राहिलं होतं ते एकच. पायात काही न बांधता ती उडेल आणि आपणहून हातावर परत येईल, तो दिवस. त्या दिवसाची हेदी लहान मुलासारखी वाट बघायचा. आणि आज त्याच पाखराच्या पायात तंगूस. कुठे अडकून पंख मोडला, तर मान मुरगळण्यावाचून इलाज नाही, हे त्याला काय ठाऊक नव्हतं?

सालहा शाल गुंडाळून त्यांच्यामागून डोंगरावर गेली. पाहुण्यांच्या गळ्यात दुर्बिणी, तोंडात जांभया. हेदीने खडकाआड तंगुसाचं टोक झुडपाला बांधलं, ससाणी वाऱ्यावर सोडली आणि काहीच न घडल्यासारखा खिशात हात घालून पाहुण्यांत येऊन उभा राहिला.

"ती बघा, ती बघा!" लुत्फी म्हणाला. कॅमेरे खटाखट वाजू लागले.

मोठी टोपी घातलेल्या एका बाईंनी हेदीला विचारलं, "तुम्ही हिला आधी कधी पाहिलं होतं?"

"नाही बाई. आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय."

सालहा बाजूला वळून थुंकली. तोंडात काही नव्हतं, तरी थुंकावंसं वाटलं.

तेवढ्यात तंगूस ताणला गेला. वाऱ्याने ससाणीला फिरवून खाली निवडुंगात आपटलं, आणि ती उलटी लटकून पंख फडफडवू लागली. पाहुणे फोटो काढत पुढे सरकले. हेदीने एक पाऊल उचललं, तर लुत्फीने त्याचं कोपर धरलं.

"काका, तुम्ही हात लावलात आणि ती गप बसली, तर सगळं उघडं पडेल."

हेदी थांबला. खरंच थांबला. सालहाला तो क्षण असा काही शिसारीचा वाटला की काटे बोचतील हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. लुत्फीच्या कमरेचा चाकू हिसकावून ती निवडुंगात शिरली आणि ससाणीवर शाल टाकली. आत हात घालून पंख चाचपले. शाबूत होते. तिला घरी नेलं असतं, तर उद्या हाच खेळ पुन्हा. शालीखालीच तिने पायातले पट्टे कापले, तंगुसासकट फेकून दिले आणि शाल उघडली.

ससाणी वर गेली. समुद्राकडे मात्र गेली नाही. हवेतच वळली आणि सरळ हेदीकडे आली.

पायात काही नाही, मागे दोरी नाही, आपल्या मर्जीने. हेदीचा चेहरा क्षणभर उजळला. खिशातला डावा हात हलला. पण सगळे कॅमेरे त्याच्याकडेच वळले होते. हात खिशातच राहिला.

ससाणी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिली. बसायला हात मिळेना, म्हणून खांद्यावर उतरली, पण जाकिटाच्या गुळगुळीत कापडावर तिचे पंजे ठरेनात. घसरली, उडाली, पुन्हा एक फेरी मारली. हेदी समोर बघत ताठ उभा. शेवटी ती मागच्या दरीत, जिथे बाकीचे पक्षी दडले होते तिकडे निघून गेली.

"किती धीट असतात हो इथले पक्षी!" टोपीवाल्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

हेदीने मान डोलावली.

लुत्फी पाहुण्यांना जेवायला घेऊन गेला, तसं हेदीने जाकीट काढून खडकावर टाकलं. मुठीत मांसाचा तुकडा धरून हात उंच केला आणि दरीकडे तोंड करून शीळ घालू लागला. एक हात अवघडला की दुसरा वर. दरीतून कुणी येत नव्हतं. सालहा दगडावर बसून तळहातातले काटे काढत होती. तिला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही.

"सालहा," तो शेवटी म्हणाला, "तू हाक मार गं. तुझा आवाज ती ओळखते."

"ओळखते," सालहा उठत म्हणाली. "म्हणूनच नाही मारत."