लाख कोटी एकोणचाळीस

मी एक जुना आकडा आहे. मित्रांनो, छत्री किंवा सायकल सांगते तसं ‘माझा जन्म अमुक कारखान्यात झाला’ असं मी सांगणार नाही. मला कोणी बनवलेलं नाही आणि कोणी मोडूही शकत नाही. लाख कोटी एकोणचाळीस हे माझं नाव. आधी एक, पुढे दहा शून्यं, मग तीन आणि नऊ. मी मूळ संख्या आहे. मला एकने भागा नाहीतर माझ्यानेच भागा. बाकी कुणाचीही माझ्यापुढे डाळ शिजत नाही.

एका शाळेत गणिताच्या बाईंनी मला फळ्याच्या वरच्या पांढऱ्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं. वर्गाचा नियम असा, की जो मला फोडेल त्याने मला पुसावं आणि तिथे आपला आकडा लिहावा. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मुलांनी तीनने, सातने, अकराने भागून पाहिलं आणि हात टेकले. मग माझ्याकडे कोणी बघेना. माझ्या शून्यांवर कोळ्याने जाळं विणलं. विणू दे! त्याने माझं काय वाकडं होणार होतं?

पुढे वर्गात एक मुलगी आली. सगळे तिला ठिणगी म्हणत. मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती कॅल्क्युलेटरवर मला भागत बसे. एके दिवशी ती किंचाळली, "बाई, फुटला! चारशे त्र्याण्णवने पूर्ण भाग गेला!"

बाईंनी पाहिलं. उत्तरात दशांशचिन्ह नव्हतं.

"शाब्बास गं! घे रंग, चढ वर!"

वर्गाने बाकं बडवली. मी मात्र संतापलो. त्या कॅल्क्युलेटरच्या उत्तरात दहाच अंक मावत होते, पुढचं दशांशाचं शेपूट त्याने गुपचूप गिळलं होतं. पण मला ओरडता कुठे येतं? ठिणगीने पांढरा रंग फिरवला आणि माझा पहिला एक गेला.

तेवढ्यात तिचा हात थांबला. उत्तराच्या शेवटी सहा होता आणि चारशे त्र्याण्णवच्या शेवटी तीन.

"सहा त्रिक अठरा," ती पुटपुटली. म्हणजे गुणाकाराच्या शेवटी आठ यायला हवा, आणि माझ्या शेवटी तर नऊ! हे बाईंच्याही लक्षात आलं नव्हतं. खाली टाळ्या चालूच होत्या. ती गप्प राहिली असती, तर मी जन्मभराचा फुटका ठरलो असतो.

"बाई," ती वळून म्हणाली, "चुकलं माझं. एक बाकी उरतोय. हा नाही फुटत."

"हात्तिच्या!" अख्खा वर्ग ओरडला. ठिणगीचे कान लाल झाले. तिने निळा रंग मागून घेतला, माझा एक पुन्हा काढला आणि माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, "थांब, उद्या बघते तुला."

ये की! मी कुठे पळतोय?

मित्रांनो, माझी काळजी घ्या अशी विनवणी मी करणार नाही. मला गंज चढत नाही. भाग गेला असं वाटलं, तर एकदा उलट गुणून बघा, एवढंच. नाही बघितलंत तरी मी आहे तसाच राहीन. खोटं मात्र तुमच्या भिंतीवर राहील.